सुट्टीनंतरची खाट

सरकारी रुग्णालयातून सुट्टी होताना रुग्णाच्या हाती जो कागद पडतो, त्याच्या तळाशी चार-पाच सूचना लिहिलेल्या असतात. एक दिवसाआड ड्रेसिंग करा, जखमेला पाणी लागू देऊ नका, सहा आठवडे पायावर भार देऊ नका, गोळ्या जेवणानंतर घ्या, पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवा. या सूचना वाचायच्या रुग्णाने, पण पाळायच्या असतात त्याच्या घराने. जखम कोरडी राहायची तर डोक्यावर छप्पर हवे. पायावर भार द्यायचा नाही तर पाण्याचा तांब्या आणून देणारे आणि संडासापर्यंत हात धरून नेणारे कोणीतरी हवे. जेवणानंतर गोळी घ्यायची तर जेवणाची वेळ ठरलेली हवी. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. ती घेतल्यावर पुढचे काही तास पुन्हा पुन्हा उठावे लागते, म्हणून बसस्थानकावर झोपणारा माणूस ती गोळी खिशातच ठेवतो. त्याचे हे गणित अडाणीपणाचे नाही. इन्सुलिनची उघडलेली बाटली साधारण ३० अंशांखाली ठेवावी लागते आणि खानदेशातला मे महिना ४३-४४ अंशांचा असतो. माठाशेजारी ओल्या फडक्यात ती सांभाळता येते हे खरे, पण माठ ठेवायलाही एक कोपरा लागतो.

या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे की आजच्या वैद्यकात उपचाराचा मोठा भाग रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, रुग्णाच्या घरात पार पडतो. ज्याला घर नाही त्याला सुट्टी देणे म्हणजे उपचार अर्ध्यावर तोडणे होय. अशा माणसासाठी रुग्णालय आणि रस्ता यांच्यामध्ये काही आठवड्यांच्या मुक्कामाची, परिचारिकेची देखरेख असलेली एक जागा असायला हवी, आणि तिच्याकडे दानधर्म म्हणून न पाहता उपचाराचा उरलेला हिस्सा म्हणून पाहायला हवे. मुंबई-पुण्यापेक्षा धुळ्यासारख्या मध्यम शहरात ती उभी करणे सोपे आहे. हे म्हणणे पहिल्यांदा ऐकताना भाबडे वाटू शकते, म्हणून त्यामागचा पुरावा आणि त्यावरचे आक्षेप दोन्ही तपासायला हवेत.

घर हा उपचाराचा भाग कधी झाला, याचे एक स्पष्ट उत्तर भारतातच सापडते. १९५० च्या दशकापर्यंत क्षयरोगी म्हटला की त्याची रवानगी आरोग्यधामात व्हायची. मिरज, पाचगणी अशी गावे त्यासाठीच ओळखली जात. नवी औषधे आल्यावर प्रश्न उभा राहिला की खाटेवर वर्षभर झोपवणे खरोखर गरजेचे आहे का. १९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक आरोग्यधामात, दुसरा आपापल्या घरी. घरी गर्दी होती, जेवण निकृष्ट होते, विश्रांतीही कमी होती. तरी वर्षाअखेरीस आरोग्यधामातल्या ९२ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला, तर घरच्यांपैकी ८६ टक्क्यांचा. घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढला नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरची आरोग्यधामे हळूहळू रिकामी झाली. या यशात एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. घरी ठेवलेला रुग्ण वाऱ्यावर सोडलेला नव्हता. तो ठरावीक दिवशी दवाखान्यात येई, कर्मचारी अचानक त्याच्या दारात जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध घेतले की नाही ते पाहत. हे सारे शक्य झाले, कारण ठोठावायला दार होते. मद्रासच्या प्रयोगाने खाटेची गरज कमी केली. पत्त्याची गरज उलट वाढवली.

त्यानंतरच्या काळात हीच दिशा सगळ्या वैद्यकाने पकडली. मोडलेल्या मांडीच्या हाडाला पूर्वी वजन लटकवून रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवत. आता हाडात सळई बसवली की काही दिवसांत घरी पाठवतात. यात रुग्णाचे हित आहे आणि पुढच्या रुग्णाला खाट मिळते. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या १० दिवसांचा पाठपुरावा धरलेला आहे, म्हणजे सुट्टी हा उपचाराचा शेवट नाही हे शासनानेही मान्य केले आहे. क्षयरोगाच्या औषधांचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. त्या काळात पोषणासाठी मिळणारी रक्कम २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होती, २०२४ च्या अखेरीस ती १००० झाली. पण ती जमा होते बँकेच्या खात्यात. रुग्णालयातला मुक्काम जसजसा आखूड झाला, तसतसे घरावरचे ओझे वाढले. घर असणाऱ्याला ते जाणवले तरी झेपले. बेघराच्या वाट्याला मात्र या प्रगतीची फक्त उणी बाजू आली.

धुळ्यात हे बेघर कोण? या शहरात मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन मोठे महामार्ग एकत्र येतात. ट्रकवरचे क्लिनर, ढाब्यावर राबणारी पोरे, अपघातात जखमी झालेले परप्रांतीय, महामार्गाने पायी भटकत आलेले मनोरुग्ण हे सगळे याच वाटांनी येतात. चाळीसगावहून येणारा रेल्वेचा फाटा धुळ्यातच संपतो, आणि शेवटच्या स्थानकावर उतरणाऱ्याला पुढे जायला गाडी नसते. शिरपूर, साक्री आणि नंदुरबार भागातली पावरा आणि भिल्ल कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, गुजरातेतल्या शेतांवर हंगामी कामाला जातात. त्यांना गावात घर असते, पण पाय मोडल्यावर तिथे सांभाळायला कोणी उरलेले नसते, कारण सगळे घरच कामावर गेलेले असते. चौथा गट म्हाताऱ्यांचा. त्यांचे घर कागदावर असते, मुलगाही असतो, पण त्या दारात त्यांना जागा नसते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर झोपलेल्यांची मोजणी झाली. देशात ती १७ लाखांच्या वर भरली आणि महाराष्ट्रात २ लाखांच्या वर. एका रात्रीत झालेल्या मोजणीत ऊसतोडीचा मजूर किंवा वॉर्डात पडून असलेला बेवारस रुग्ण बेघर म्हणून धरला जाण्याची शक्यता कमीच. म्हणून आरोग्याच्या दृष्टीने बेघर कोण हे ठरवताना निकष थोडा वेगळा हवा: सुट्टीच्या कागदावरच्या सूचना जिथे पाळता येतील अशी जागा या माणसाला आहे की नाही?

अशा माणसाची वाट रुग्णालयात शिरताना तुलनेने सरळ असते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावते आहे. ती पत्ता न विचारता उचलते आणि शहराबाहेर चक्करबर्डीला असलेल्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणून सोडते. केसपेपरवर ‘अनोळखी इसम’ लिहिले जाते, पोलिसांना कळवले जाते, शस्त्रक्रियाही होते. अडचण सुरू होते ती बाहेर पडताना. तेव्हा चार वाटा उरतात. काही डॉक्टर आणि सिस्टर कळवळ्याने सुट्टी लांबवतात. मग महिना-दोन महिने तो माणूस वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर किंवा व्हरांड्यात राहतो, मावशी त्याला उरलेली पोळी देतात आणि खाट अडल्याबद्दल बोलणी कोणाला तरी खावी लागतात. काही रुग्ण स्वतःच निघून जातात. नोंदवहीत ‘न सांगता गेला’ अशी ओळ पडते. काहींना रीतसर सुट्टी मिळते आणि ते पट्टी बांधलेल्या पायाने पुन्हा रस्त्यावर बसतात. त्यातलेच काही चिघळलेली जखम, सडलेले टाके किंवा अर्धवट औषधांमुळे बळावलेला क्षय घेऊन परत येतात, आणि या वेळी बोटाऐवजी पाय कापावा लागतो. इथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. बेवारस मृतदेहाचे काय करायचे हे १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमाने स्पष्ट ठरवून दिले आहे. किती काळ वाट पाहायची, कोणाच्या ताब्यात द्यायचा, सगळी कार्यपद्धती लिहिलेली आहे. बरा होत चाललेला बेवारस रुग्ण कोणाच्या ताब्यात द्यायचा, याची अशी स्पष्ट कार्यपद्धती नाही.

ही पोकळी भरण्याचा पहिला सुसंघटित प्रयत्न अमेरिकेत बोस्टनला १९८५ मध्ये झाला. तिथल्या बेघरांच्या एका निवाऱ्यात २५ खाटा वेगळ्या काढून त्यांवर परिचारिका नेमल्या. रुग्णालयात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर राहण्याइतका धडही नाही, असा माणूस तिथे राहायचा. पुढे याच कामातून बार्बरा मॅकिनिस या परिचारिकेच्या नावाचे १०४ खाटांचे केंद्र उभे राहिले. या जागांचे काम साधे असते: जखम धुणे, वेळेवर गोळ्या देणे, साखर तपासणे, ओपीडीत नेऊन आणणे, दोन वेळचे जेवण, झोप, आणि या सगळ्याच्या जोडीला कागदपत्रे काढणे आणि पुढचा मुक्काम शोधणे. शल्यविशारदाची गरज तिथे रोज पडत नाही. घरातली सून, आई किंवा भाऊ जे करतो, त्यात परिचारिकेचे कौशल्य मिळवले की काम भागते.

याचा उपयोग होतो का? शिकागोतल्या एका अभ्यासात, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, अशा केंद्रात राहिलेल्या बेघर रुग्णांची तुलना जागा नसल्यामुळे परत पाठवलेल्यांशी केली होती. पुढच्या वर्षभरात केंद्रात राहिलेल्यांना रुग्णालयात काढावे लागलेले दिवस निम्म्याहून कमी होते. हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, म्हणून एकट्या त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. त्याच शहरात पुढे ४०७ जणांवर झालेल्या प्रयोगात मात्र गट चिठ्ठ्या टाकूनच पाडले होते. एका गटाला आधी मध्यंतरीचा निवारा, मग कायमचे घर आणि पाठपुरावा करणारा समाजसेवक मिळाला. १८ महिन्यांत त्या गटाचे रुग्णालयातले दिवस २९ टक्क्यांनी आणि अपघात विभागातल्या खेपा २४ टक्क्यांनी कमी झाल्या. इंग्लंडमधला पुरावा वेगळे काही सांगतो. लंडन आणि ब्रायटनच्या रुग्णालयांत सुमारे ४०० बेघर रुग्णांवर जो प्रयोग झाला, त्यात रुग्णालयातल्या खास पथकाने सुट्टीची आखणी केल्यामुळे मुक्कामाचे दिवस घटले नाहीत. पण सुट्टीनंतर रस्त्यावर झोपणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले आणि जगण्याचा दर्जा सुधारला. यातून दोन गोष्टी हाती लागतात. रुग्णालयातल्या पथकाने चांगली आखणी केली तरी खाटेचा खर्च वाचेलच असे नाही. बाहेर खरीखुरी जागा असेल तर तो वाचण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय पैसे वाचतात म्हणूनच हे करायचे, असा युक्तिवाद उभा करणे धोक्याचे आहे. उद्या एखाद्या वर्षी पैसे वाचले नाहीत, तर काम बंद करायला तेच कारण पुढे येईल.

‘हे परदेशात ठीक आहे’ असे कोणी म्हणेल, पण महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. गाडगे महाराजांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या आणि त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. १९६८ पासून ही समिती बाहेरगावच्या रुग्णांची सोय पाहते आहे. उपचार आणि घर यांच्यात अंतर असेल तर मध्ये एक मुक्काम लागतो, हे या समाजाने कधीच ओळखले. मात्र या जागा ज्यांचे घर दूर आहे त्यांच्यासाठी आहेत, आणि रुग्णासोबत एक नातेवाईक असेल हे त्या गृहीत धरतात. ज्यांचे घर हरवले आहे त्यांच्यासाठीचा धडा कर्जतला मिळतो. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे काम सुरू केले. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचे, औषधोपचार करायचे, त्याच्या तोंडून गावाचे नाव निघाले की समाजसेवकाने त्याला तिथवर पोहोचवायचे. हजारो माणसे अशी घरी परतली आणि २०१८ मध्ये डॉ. भरत वटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाने एक समजूत खोटी ठरवली. बेघर मनोरुग्णाला जन्मभर सांभाळावे लागेल, ही ती समजूत. बहुतेकांना काही आठवड्यांचा चांगला उपचार आणि घरापर्यंतची सोबत पुरते. खानदेशातही चोपडा तालुक्यातल्या वेले इथे मानवसेवा तीर्थ हे केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी काम करते.

मग या संस्था असताना आणखी वेगळी जागा कशाला, हा पहिला आक्षेप. त्याचे उत्तर असे की या संस्थांचा भर मानसिक आजारावर आहे. मधुमेहाने पाय चिघळलेला हमाल किंवा सळई बसवलेला क्लिनर त्यांच्या व्याख्येत बसत नाही, आणि ताजी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घेण्याइतकी साधने त्यांच्याकडे असतीलच असे नाही. शिवाय अशी बहुतेक केंद्रे एका जोडप्याच्या किंवा एका कार्यकर्त्याच्या जिद्दीवर उभी असतात. जिद्दीला सलाम करावा, पण जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था तिच्या भरवशावर चालवू नये. दुसरा आक्षेप रात्रनिवाऱ्यांचा: महापालिकेने निवारा दिला की झाले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. २०११ मध्ये धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख होती, म्हणजे निवारे तीन-चार हवेत. त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आजारातून बरे होणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी खास निवारे काढता येतील, असेही नमूद आहे. म्हणजे परवानगी आधीपासून आहे. अडचण पैशाच्या मांडणीत आहे. ५० जणांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख रुपये चालवण्याचा खर्च धरला होता. भागाकार केला तर माणशी महिना १००० रुपये होतात. त्यात वीज, सफाई आणि पहारेकरी कसेबसे बसतात. परिचारिका बसत नाही. म्हणून साध्या निवाऱ्याचा व्यवस्थापक उघडी जखम पाहिली की हात जोडतो, आणि क्षयाचा रुग्ण असेल तर बाकीच्यांच्या काळजीने त्याला आत घेत नाही. त्याचे चुकते असेही म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त बोलला जातो: अशी सोय केली की लोक आईबापांना आणून टाकतील. ही भीती निराधार नाही. पण टाकून जाण्याचा प्रकार आजही होतोच, आणि तो वॉर्डातच होतो, जिथली खाट सर्वांत महाग असते. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना सोडून देणे हा तीन महिन्यांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरवला. तो कायदा वापरायचा तर आधी नातेवाईक शोधावे लागतात, आणि ते शोधायला समाजसेवकाला वेळ आणि रुग्णाला जागा लागते. या केंद्राचे दार रस्त्यावरून थेट उघडू नये, फक्त रुग्णालयाच्या चिठ्ठीवर उघडावे. प्रवेशाच्या दिवशीच कोणत्या गोष्टीसाठी आणि अंदाजे किती आठवडे हे लिहावे. असे केले तर ते वृद्धाश्रम होण्याची शक्यता बरीच घटते. चौथा आक्षेप दारूचा. बेघर रुग्णांत दारूचे व्यसन असणारे पुष्कळ असतात आणि दारू अचानक तुटल्यावर दोन-तीन दिवसांत येणारा भ्रम जीवघेणा ठरू शकतो. तो काळ रुग्णालयातच काढला पाहिजे. नंतरचा नियम असा असावा की आत दारू चालणार नाही, पण बाहेर प्यायला म्हणून टाके न काढलेल्या माणसाला हाकलायचेही नाही. व्यसन सुटल्याशिवाय जखमेवर उपचार नाही अशी अट आपण घर असणाऱ्या कोणालाच घालत नाही.

पाचवा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. बेघरांसाठी खास जागा काढल्या की त्यांचे कोंडवाडे होतात, असा इतिहास आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागणाऱ्याला पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या, महाराष्ट्रात तो कायम आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत, म्हणजे ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे, बरे होऊनही घरी नेणारे कोणी नसल्यामुळे वर्षानुवर्षे अडकलेली माणसे आहेत. म्हणून या केंद्राच्या रचनेतच तीन गोष्टी पक्क्या हव्यात: राहणे रुग्णाच्या राजीखुशीचे, दाराला बाहेरून कुलूप नाही, आणि भिक्षेकरीगृहाशी किंवा पोलिसांच्या धरपकडीशी कसलाही संबंध नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधले कलम १०० इथे उपयोगी पडते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी २४ तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे, आणि दाखल करण्याइतका आजार नसेल तर घरी किंवा बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचे, असे ते सांगते. जो निवारा जिल्ह्यात असेल असे कायदा धरून चालतो, तो उभारणे हे कायद्याचेच पालन ठरते.

धुळ्यात ही जागा उभी करायला लागणारे बहुतेक घटक आज वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत. निवारा नगरविकासाकडे, वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षणाकडे, जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्याकडे, संजय गांधी निराधार अनुदान महसुलाच्या यंत्रणेतून, भिक्षेकरीगृह महिला व बालविकासाकडे. रुग्ण एका खात्याच्या दारातून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या दारात पोहोचत नाही, कारण त्याला एका दारापासून दुसऱ्यापर्यंत नेणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. सुरुवात २० खाटांनी व्हावी. इमारत आणि जेवण महापालिकेने निवाऱ्याच्या खर्चातून द्यावे. परिचारिका आणि औषधे आरोग्य खात्याने द्यावीत. आठवड्यातून दोन फेऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाने माराव्यात. तिथल्या विद्यार्थ्यांना रोग आणि राहणीमान यांचा संबंध शिकायला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. समाजसेवा अधीक्षकाकडे आधार, बँक खाते, निराधार अनुदान आणि नातेवाइकांचा शोध एवढेच काम असावे. सातपुड्यातल्या रुग्णांसाठी पावरी आणि भिलोरी बोलणारे कोणीतरी हवेच, नाहीतर माणसाचे गाव कोणते हेच कळायला महिना जातो. आणि रुग्णालयाच्या बाजूने एक बंधन: राहायला जागा नसलेल्या रुग्णाची माहिती सुट्टीच्या आधीच केंद्राला कळवणे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून रुग्णालयांच्या अपघात विभागांवर आणि आंतररुग्ण विभागांवर असे कायदेशीर बंधन आहे. इथे जिल्हाधिकाऱ्यांच्या एका बैठकीत आणि एका परिपत्रकातही ते सुरू होऊ शकते.

मोठ्या शहरांत डझनभर रुग्णालये, अनेक संस्था आणि जागेची मारामार असते; कोणाचा रुग्ण कोणी घ्यायचा यातच वर्षे जातात. धुळ्यात दोन मोठी सरकारी रुग्णालये, एक महापालिका आणि एक जिल्हाधिकारी आहेत, आणि ही सगळी माणसे एका खोलीत बसू शकतात. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, भुसावळसारखे जंक्शन आहे; धुळ्यात जे जमेल ते तिथे लगेच नेता येईल. अशा प्रयोगाचे यश किती खाटा भरल्या यावर मोजू नये, कारण भरलेल्या खाटा अडकलेल्या माणसांच्याही असू शकतात. तीन प्रश्न विचारावेत: क्षयाचा कोर्स किती जणांनी पूर्ण केला, किती जण त्याच जखमेसाठी पुन्हा दाखल झाले, आणि सुट्टीनंतर सहा महिन्यांनी किती जणांचा ठावठिकाणा सांगता येतो. ही उत्तरे वर्षभरात वाईट आली, तर रचना बदलावी. पण आज हे आकडे कोणी मागत नाही, आणि जोवर ते मागितले जात नाहीत तोवर रुग्णालयाच्या अहवालात ‘बरा होऊन गेला’ या रकान्यात धरलेली काही माणसे प्रत्यक्षात अर्धवट उपचार घेऊन गेलेली असतील.